आधी मोजायचं

राहती गाडी घेऊन आम्ही कमलनगरजवळच्या एका मळ्यात थांबलो होतो. गाडीतल्या फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन होतं. मळेवाल्याला विचारून मी पाण्याच्या मोटारीच्या बोर्डाला गाडीची वायर जोडायला निघालो, तेव्हा तिथं मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं माझं मनगट धरलं.

“कामून घाई करायलाव, अण्णा?”

मी वायर जोडणार होतो त्या दोन टोकांना त्यानं मीटर लावला. आकडा चारशेच्या वर गेला.

“ह्ये दोन फेज हायत. तुमच्या गाडीला दोनशेतीस व्होल्ट लागतंय. फ्रिज जळला असता.”

एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात त्यानं पुन्हा मोजलं, दोनशेतीस आलं; मग मेन स्विच बंद करून वायर तिथं जोडली आणि स्विच चालू केला. फ्रिज सुरू होईपर्यंत तो गाडीच्या दाराशी कान देऊन उभा राहिला.

“करंट डोळ्याला दिसत न्हाई. आधी मोजायचं, मग जोडायचं.”

त्याचं नाव विचारायचं राहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे सांगायचा धीर झाला नाही. विजेचा धडा मात्र आता मी त्याच्यापासून सुरू करतो.