कुरडयांचं वाळवण आणि उपग्रह

नेदरलँड्समध्ये बिनढगाचा दिवस उगवला की दोघांचं फावतं. एक आमचा उपग्रह आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई.

उपग्रह आमचा म्हणजे म्हणायला. तो वरून शेतांचे फोटो काढतो आणि द हेगमधल्या आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम ते वाचतो. इथलं सरकार शेतकऱ्यांना कुरणासाठीही अनुदान देतं. कुरणात खरोखर गवत आहे ना, एवढं बघणं माझं काम. यासाठी पुण्यात इंजिनिअर व्हावं लागतं, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे रायस्वाइकला आल्या आणि आल्या आल्या त्यांनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. गॅलरीत वाळवण घालायला बिल्डिंगवाल्यांची मनाई. मग ज्याच्याकडून आम्ही दर शनिवारी दूध आणतो, त्या लायडनजवळच्या शेतकऱ्याला त्यांनी हातवारे करून पटवलं. त्या म्हाताऱ्याने गोठ्यामागचं लहानसं कुरण दाखवलं आणि म्हणाला, "गाई तिकडे नाहीत, खुशाल पसरा." इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सुगावा लागताच कुरडयांच्या जोडीला सांडगे आले, बटाट्याचे पापड आले. चादरी आणि जुन्या पातळांनी सगळं कुरण पांढरं झालं. मी स्वतः सोऱ्या दाबत होते. ऑफिसचं डोकं मी शनिवारी घरीच ठेवते.

त्या महिन्यात बिनढगाचा फोटो तेवढा एकच मिळाला, नेमका त्या शनिवारचा. प्रोग्रॅमने निकाल दिला, इथे गवत नाही. एक तुकडा असा खोटा ठरला की शेतकऱ्याच्या सगळ्या अनुदानाला कात्री लागते, आणि नुसत्या दुधावर आपलं भागत नाही हे त्यानेच मला कितीदा सांगितलं होतं. मी धावत मॅनेजरकडे गेले, सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे प्रोग्रॅम चुकला नाही," तो म्हणाला. "गवत दिसत नव्हतंच."

मग शेतावर सरकारी तपासनीस आला. सासूबाई तळलेल्या कुरडयांचा डबा घेऊन हजर होत्या. तपासनीस अतिशय सभ्य. ड्युटीवर असताना कुणाकडचं काही खाता येत नाही, म्हणाला, आणि टॅबवर नोंद केली: खाद्यपदार्थ असल्याचा दावा, खातरजमा नाही.

"शेतात गहू वाळवला. ही शेती नाही तर काय आहे, विचार त्याला," सासूबाई मला म्हणाल्या.

मी विचारलं. नियमात त्याला 'कार्यक्रम' म्हणतात, असं उत्तर मिळालं. कार्यक्रमाला अनुदान नसतं. शेतकरी चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मग यंदा काही गाई विकाव्या लागतील." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात आता तो फोटो नव्या लोकांना दाखवतात, प्रोग्रॅम किती अचूक आहे म्हणून. मी तो घरी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ निरखला आणि हरखून गेल्या.

"अगं, किती स्पष्ट दिसतंय. माझं पातळ ते, कडेचं. हा फोटो दाखव ना त्या सरकारला, म्हणजे बिचाऱ्याचं अनुदान सुटेल."

"आई," मी म्हटलं, "हाच दाखवलाय."