काकूंच्या खुर्चीसाठी ॲम्प्लिफायर

भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. माणूस समोर आला की काका आधी त्याच्या नाकावरचा चष्मा बघत, मग माणूस. दुकानात त्यांचं काम ठरलेलं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? काही बिलंदर लोक भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आधीच पाठ करून येत आणि घडाघडा म्हणून दाखवत. नजर गेली हे कबूल करायला माणसाला फार जड जातं. काका अशांना शेवटची ओळ उलटीकडून वाचायला लावत, की झाली फजिती. माझ्याकडे कुणाचं खोटं चालत नाही, असं ते दहाजणांत सांगत.

घरीही त्यांचा प्रश्न तोच, फक्त काचांच्या जागी गाणं आणि स्टुलाच्या जागी काकूंची वेताची खुर्ची. गाण्याचा शौक दांडगा, पण कान बेताचा, हे काका स्वतःच हसत सांगायचे. कान काकूंचा. बाहेरच्या खोलीत दोन थोराड स्पीकर होते, कपाटाएवढे, आणि ही खुर्ची त्यांच्या बरोबर समोर. काका मशीनपाशी उभे राहून बटणं फिरवत, काकू डोळे मिटून निकाल देत. स्पीकर नीट जुळले की आवाज त्या दोघांतून येतोय असं वाटतच नाही, मधल्या रिकाम्या भिंतीपाशी बाई उभी राहून गातेय असं वाटतं. काकू म्हणत, जरा डावीकडे सरकलीय हो. मग काका स्पीकर बोटभर हलवत. बाई मधोमध उभी राहीपर्यंत त्यांचा रविवार काही सरत नसे. लोकांना वाटायचं दोघं चक्रम आहेत, आणि थोडे होतेही.

तर या पावसाळ्यात त्यांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जळाला. दिव्यासारखे तापून उजळणारे ते काचेचे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, म्हणून ट्रान्झिस्टरचा घ्यायचा ठरलं. हे सांगायला सोपं. त्या स्पीकरांची भूक राक्षसाची. कमजोर ॲम्प्लिफायर जोडला की तो बिचारा करंट पुरवता पुरवता तापून लाल व्हायचा. कागदावरचे आकडे बघून काही कळत नाही हे काकांना पटलेलं. शेवटी ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, एकेक घरी न्या, ऐका, पण शनिवारी मला एकाचं नाव सांगा. काकांचा जीव भांड्यात पडला. घरी काकू होत्याच.

पहिला जोडला. काकूंनी मान हलवली, नको. तो तसाही हात लावू देत नव्हता इतका तापला होता. दुसरा मात्र काकांना भलताच आवडला. त्यांनी आशेने खुर्चीकडे पाहिलं. काकू थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, जरा बोथट वाटतो. काका हिरमुसले, पण काकूंच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. परत नेऊन दिला.

शनिवारी सकाळी तिसरा जोडला. तारांचे लाल-काळे रंग फिके पडलेले, आणि चष्मेवाल्याचा स्वतःचा चष्मा कपाळावर. गाणं लागलं. नेहमीचंच, काकूंचं लाडकं. काकूंनी डोळे मिटले आणि लगेच म्हणाल्या, छान आहे, अगदी मधोमध उभी आहे, हाच घ्या. आणि चहा टाकायला आत गेल्या.

काका खूश. उगीच हौस म्हणून ते त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. आणि चक्रावलेच. बाई मधोमध कसली, ती कुठेच नव्हती. आवाज पोकळ, पसरलेला, भिंतीला नुसता फासल्यासारखा. उठून मशीनच्या मागे डोकावले, चष्मा खाली ओढला, आणि कपाळाला हात लावला. एका स्पीकरची लाल तार काळ्या जागी बसली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा ती मागे ओढत होता. असली चूक काकूंनी पहिल्या ओळीलाच पकडली असती. बोटभर सरकलेलं ज्यांना कळायचं, त्यांना हे कळलं नाही?

त्यांनी तार नीट केली नाही. डाव्या स्पीकरची तार मात्र काढून टाकली. आता सगळं गाणं एकट्या उजव्यातून येत होतं. काकू कप घेऊन आल्या. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारायचा प्रयत्न केला, "आता?"

काकूंनी डोळे मिटले. "आता तर फारच छान. मधोमध."

"अगं, डावा बंद आहे."

काकूंनी डोळे उघडले नाहीत. तशाच म्हणाल्या, डावा कान गेला. हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हा. एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. आतली नस गेलीय, कानाला मशीन लावूनही उपयोग नाही म्हणाले. आणि एका कानाला मधोमध असं काही नसतंच. गाणं तर पाठच होतं. बाकीचं त्या डोळे मिटायच्या आधी काकांच्या चेहऱ्यावरून ओळखत होत्या.

डोळ्याचं काही असतं तर त्यांनी दुकानातली काच न् काच खाली काढली असती. इथे ते नुसते उभे. फार वाईट वाटलं त्यांना, आणि रागही आला, तो कुणावर काढायचा तेही कळेना.

"मला सांगायचं तरी," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही परत लावलं असतं का कधी गाणं?"

लावलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"तो दुसरा घ्या," काकू म्हणाल्या. "तो लावल्यावर तुमचा चेहरा किती खुलला होता. लगेच हो म्हटलं असतं तर तुम्हाला संशय आला असता, म्हणून मी खोट काढली. घ्या तोच."

काकांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, तो तर कालच गेला हो, त्यातला शेवटचाच होता, तुम्हीच नको म्हणालात. मग हाच राहू दे, असं म्हणून काकांनी फोन ठेवला. काकू येऊन त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

"काय म्हणाला?"

"मिळेल म्हणाला," काका पुटपुटले.

काकू तशाच त्यांच्याकडे बघत राहिल्या. काही ऐकूच आलं नव्हतं. मग काकांच्या लक्षात आलं. ते वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले, आणि तेच खोटं पुन्हा बोलले.