मूळव्याध नव्हती ती

दोन वर्षं मी मूळव्याधीच्या गोळ्या खाल्ल्या. सणसरच्या डॉक्टरांनी मला एकदाही तपासलं नाही. मीही तपासा म्हटलं नाही. गावातला पुरुष डॉक्टर, बाहेर बाकावर ओळखीची माणसं. "शौचातून रक्त पडतं," एवढंच मी मान खाली घालून सांगितलं आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली.

सासूबाई म्हणायच्या, "शाळेत खुर्चीवर बसून बसून झालंय हे. शेतात कामाला ये, आपुआप जाईल."

मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. पाढे म्हणून घेताना पोटात कळ यायची आणि मुलांना तसंच सोडून मी धावायचे. दिवसातून सात-आठ वेळा. शाळेच्या संडासात पाणी नसलं की बादली घेऊन हापशावर जायचे. मुलं ते बघून हसायची. प्रवासाच्या भीतीनं मी माहेरीसुद्धा जाणं सोडलं. वजन अकरा किलोनं उतरलं. शेवटी एक दिवस फळ्यासमोरच चक्कर येऊन पडले, तेव्हा नवऱ्यानं बारामतीला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीनं आतडं तपासलं. "ही मूळव्याध नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या मोठ्या आतड्यावर उलटते, आतून जखमा होतात. हा कायमचा आजार आहे, पण औषधांनी ताब्यात राहतो."

नवऱ्यानं विचारलं, "म्हंजी लग्नाआधीपास्नंच असंल का?"

मला दुर्बिणीचं दुखलं नव्हतं, ते दुखलं.

मेसालामाइनच्या गोळ्या आणि काही आठवडे स्टेरॉइड सुरू झालं. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. स्टेरॉइडनं तोंड मात्र सुजून गोल झालं. हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, "तब्येत सुधारली की गं!" मी हसून वाण घेतलं.

स्टेरॉइड उतरवत उतरवत बंद झालं, मेसालामाइन चालूच ठेवायचं होतं. पाच महिने बरे गेले. मग एका सकाळी सासूबाईंनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं. "रगत थांबलं न्हवं? मग कशाला ही उष्ण औषधं? ह्यांनीच दिवस राहत न्हाईत तुला."

नवरा चहा पीत होता. म्हणाला, "आई म्हणतीय तर बघ थोडं दिवस बंद करून."

मी बंद केल्या. कुणी हात धरला नव्हता. मला डॉक्टरबाईंचं बोलणं तोंडपाठ होतं, त्यांना एक फोन करता आला असता. पण घरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. अजूनही सगळ्यात जास्त राग येतो तो त्या गप्प बसण्याचा.

दोन महिन्यांत दिवसाला पंधरा वेळा रक्त जायला लागलं. बारामतीला आठ दिवस सलाईनवर होते, दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरबाई मलाच रागावल्या. "शिकलेल्या आहात ना? कुणी सांगितलं गोळ्या सोडायला?" नवरा खिडकीपाशी उभा राहून मोबाइल बघत होता. मी म्हणाले, "मीच सोडल्या." खोटं बोलले असं आता वाटत नाही.

त्यानंतर औषधं वाढली. प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन लागलं, त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. मी एकटीच एसटीनं जाते. एकदा सासूबाईंनी पाकिटाला हात लावला, तेव्हा मी म्हणाले, "ठेवा ते खाली." त्यांनी ठेवलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

परवा पुन्हा दुर्बीण घातली. जखमा भरल्या आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता मुलाचा विचार करायला हरकत नाही. ह्याच गोळ्या चालू ठेवून होतं. गोळ्या सोडल्यात तेव्हाही विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं."

तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन मी रिपोर्ट माझ्या कपाटात ठेवला. मुलाचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेन. अजून वाटत नाही.