गाठीभोवतीची गर्दी

“अशक्त जनावराला डॉक्टर लस टोचत न्हाई. मग माणसालाच कावून टोचायची घाई?”

आत्या ताडपत्रीच्या पलीकडे बोलत होती. मी अलीकडे, तीन विटांच्या चुलीवर चहा उकळत होते. मी ऐकत असेन हे तिच्या लक्षात नव्हतं, किंवा असलं तरी मी काही बोलणार नाही याची तिला खात्री होती. घरात सगळ्यांनाच ती खात्री होती.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. गावच्या दूध सोसायटीने धारूरच्या डोंगराखाली माळावर जनावरांची छावणी उघडली होती. काका पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, त्यामुळे दोन म्हशी घेऊन काकूच छावणीत मुक्कामाला होती. माझ्या कॉलेजच्या होस्टेलला पाणी पुरेना म्हणून आम्हाला घरी पाठवलं होतं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकत होते. काकूच्या छातीत गाठ निघाली तेव्हा रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून दवाखान्यात तिच्याबरोबर मला धाडलं गेलं. रिपोर्ट मला वाचता आला. काकूला तो सांगता मात्र आला नाही.

डॉक्टर वयाने लहान होत्या. काकू बाहेर बाकावर बसली असताना त्यांनी मला गाठीच्या तुकड्याचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो दाखवला. फिकट गुलाबी रंगावर जांभळे ठिपके होते. गाठीच्या कडेला त्यांची दाटी झाली होती, आत मात्र एखाददुसराच. हे ठिपके म्हणजे शरीराच्या लढणाऱ्या पेशी, त्या म्हणाल्या. या पेशी आल्या आहेत, पण आत पोचत नाहीत. भोवतीच्या पेशी त्यांना अडवतात. त्यातल्या काही एरवी जखम भरून आणणाऱ्या, आपल्याच. गाठीच्या सांगण्यावरून त्या तिच्याभोवती धाग्यांचं दाट कुंपण विणतात. काही तर पहारा करायला आलेल्या असतात आणि तिथे राहून राहून गाठीच्याच बाजूच्या होतात. लढणाऱ्यांना त्या थोपवून धरतात. आधी सलाईनमधून औषध द्यायचं, मग ऑपरेशन. औषधाने गाठ लहान होईल, भोवतालची ही गर्दीही मोडेल अशी आशा आहे, खात्री नाही. मंगळवारी या.

बसमध्ये काकूने विचारलं, “काय म्हनली बाई?” मी म्हटलं, “मंगळवारी बोलावलंय.” तिने पुढे विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत ती आपल्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून बघत होती. ती जुळत होती.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटत नाहीत. खारीक आली, डिंक आला, हाळीव आले, कुणी गावरान अंडी आणली. प्रत्येक बाई काकूचा दंड चाचपायची आणि म्हणायची, “ताकदच न्हाई राहिली अंगात. म्हनून तर धरलं.” काकू मान हलवायची. छावणीत मरतुकड्या जनावरांना आधी पेंड आणि हिरवा चारा देऊन उभं करायचे, मग लस. तोच नियम सगळ्यांनी काकूला लावला. आधी खुराक, मग औषध. सिरसाळ्याहून आलेल्या आत्याने तर मुदतही ठरवून टाकली.

“दिवाळीपत्तर खाऊ द्या तिला,” ताडपत्रीपलीकडे ती म्हणत होती. “अंग भरलं की मंग जाऊ. ते औषध लई जड असतंय. केसं जातेत. हिला झेपंल का?”

“मलाबी तेच वाटतंय,” काकू म्हणाली.

चहा उतू गेला. मी कपबशा घेऊन आत गेले. काकू पेंडीच्या पोत्याला टेकली होती, भोवती आत्या आणि शेजारच्या दावणीच्या चौघी-पाचजणी. चहा वाटून झाला तरी मी उभीच राहिले.

“बस की,” आत्या म्हणाली. “का काही बोलायचंय?”

एका बाईने हसून विचारलं, “बोलती का गं ही?”

माझ्याकडे सगळे शब्द इंग्रजी होते. मग जे सुचलं ते त्याच बाईला विचारलं. “सोसायटीच्या सभेला तुम्ही गेला होतात ना? चाऱ्याचं विचारायला?”

“गेलताव की. समद्या सभासद हाव आमी.”

“मग विचारलं का?”

“आत जाऊ दिलं तर इचारू! दारातच आडवलं.”

“कुणी?”

“कोन असनार? आपलेच पुतने, भाचे. चेअरमननं उभे केल्ते. म्हनं आत गर्दी हाय, मावशी, च्या घ्या, हितं अंगठा द्या अन् जा घरी.”

“म्हणजे तुमच्या अंगात ताकद नव्हती?”

“ताकद?” ती बाई उसळली. “एकदा आत सोडलं असतं ना, तर चेअरमन खुर्ची सोडून पळाला असता!”

सगळ्या हसल्या. काकूही हसली, पदर तोंडाला लावून.

“काकूच्या गाठीत तेच झालंय,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटत होता. “फोटोत बघितलं मी. लढणारे आलेत, खूप आलेत. दारात अडवलंय त्यांना, आपल्याच पेशींनी. खारीक खाऊन दार उघडत नाही.”

“मग कशानं उघडतंय?” आत्याने विचारलं. तिच्या आवाजात अजून धार होती, पण प्रश्न खरा होता.

“औषधाने. उघडेलच असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. झेपेल का, तेही त्या रक्त तपासून ठरवतील, दंड चाचपून नाही. पण दिवाळीपर्यंत थांबलो तर गाठ वाढणार.”

बाहेर टँकर आला होता, बाया घागरी घेऊन उठू लागल्या. काकूने माझा हात धरून खाली बसवलं.

“एक खरं सांग,” ती हळू बोलली. “पोरांला पोटभर वाढून मी एकदाच खात हुते, लई दिवस. कुनाला बोलले न्हाई. त्याच्यानं तर न्हाई ना झालं हे? मीच न्हाई ना वढवून घेतलं?”

आत्या खाली बघत राहिली.

मी एरवी मानेनेच ‘नाही’ म्हणाले असते. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “नाही काकू. तू काही केलं नाहीस. मंगळवारी सकाळच्या गाडीने आपण जायचं, आत्या म्हशी बघेल.”