रक्षेच्या खड्ड्यात कोणतं झाड?

मंडळी, आज सकाळी भिंगारच्या घरासमोर खड्डा खणला. पत्नीची रक्षा घालून वर झाड लावायचं होतं. कोणतं, ते ठरेना.

मेहुणा म्हणाला, "आंबा लावा."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरं दगडं मारत्यात. काचा आमच्या फुटतील."

नारळ गाडीवर पडेल, पिंपळ भिंत फोडेल. दोघं तासभर भांडली.

शेवटी मी म्हणालो, "कढीपत्ता."

मेहुणा दचकला. "ताईच्या रक्षेवरचा कढीपत्ता पोह्यात घालनार व्हय?"

ही रोज सकाळी मला काकूंकडे कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या मागायला पाठवायची. मला मागायची फार लाज वाटे.

काकू हळूच म्हणाल्या, "लावा की. पन आता तुमी आमच्याकडं कशाला येनार?"

रोप वीतभरच आहे. वर्षभर तरी कढीपत्ता मागावाच लागेल, नाही का?