वळणावरचा मारुती

आमच्या गल्लीचं तोंड मोंढ्याच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या रस्त्याला मिळतं, ती जागा मुळातच वाईट. एका अंगाला वळण, दुसऱ्या अंगाला उतार, आणि हंगामात हळदीची पोती लादलेले ट्रक अंगावर आल्यासारखे येत. शाळा पलीकडे, भाजीबाजारही पलीकडेच; म्हणजे जीव मुठीत धरल्याशिवाय घरात मेथीची जुडी येत नसे. हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झाली आणि साहेबांच्या गाड्यांची त्यात भर पडली.

ब्रेकर करून मिळावा म्हणून मी आणि माझ्या एका शाळासोबत्यानं बांधकाम खात्यात चपला झिजवल्या. साहेब चहा पाजत आणि 'बघतो' म्हणत. शेवटी मित्र वैतागून म्हणाला, "सरकारच्या पाटीला ड्रायव्हर भीत न्हाई. देवाला भितो. आपुनच देव बसवू."

मला हसू आलं, पण पटलंही. कयाधू नदीच्या पात्रातून त्यानं बरासा दगड निवडला आणि माझ्या मोपेडवर मागे बसून, मांडीत धरून घरी आणला. माझ्या आईनं अंगणात त्याला तेल-शेंदूर फासला, डोळे चिकटवले, आणि भल्या सकाळी मारुती वळणावर जाऊन बसला. काय सांगावं, गुण आला. ड्रायव्हर वळणावर गाडी हळू करायचे, एक हात कपाळाला लावायचे. तेवढ्यात आमची लेकरं पलीकडे. खात्याला जमलं नाही ते शेंदरानं केलं, असं मी कचेरीत फुशारकीनं सांगत असे.

पण आपल्याकडे देव एकदा बसला की वाढतो. कुणी ओटा बांधून दिला, कुणी पत्रे टाकले. मग मित्रानं पुढाकार घेऊन भिंती उठवल्या आणि शेजारी स्वतःचं नारळ-उदबत्तीचं दुकान थाटलं. पायी चालायला रस्त्याकडेची जी पट्टी होती, ती देवळाखाली गेली. आता वळसा घालायचा म्हणजे थेट डांबरावर उतरायचं, आणि भिंतीमुळे येणारा ट्रक दिसायचा नाही. ड्रायव्हरांनाही सवय झाली. हात कपाळाला जायचा, वेग तसाच राहायचा. मी मित्राला म्हणायचो, अरे, देऊळ थोडं मागं घे.

"घेऊ की. तुला काहून एवढी तकलीफ?" तो म्हणायचा. 'बघतो' म्हणणाऱ्या त्या साहेबांचा चहा तरी गोड असायचा.

एका सकाळी भाजीला निघालेली आई त्याच भिंतीआडून रस्त्यावर उतरली आणि टेम्पोनं तिला उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आली ती वॉकर धरून.

मग मात्र मी आमच्याच ओसरीवर गल्लीची बैठक बोलावली. देऊळ मागं सरकवा, एवढंच माझं मागणं. मित्र उठला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मारुती स्वयंभू हाय. जागा त्यानं निवडली. हलवणारे आपुन कोण?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मोपेडवर दगड मांडीत घेऊन बसलेला माणूस हे बोलत होता, आणि त्याची जीभ जराही अडखळली नव्हती. मी म्हणालो, "आईला विचारा. शेंदूर तिनं लावलाय."

सगळे आईकडे वळले. ती खुर्चीत बसली होती, वॉकर पुढ्यात. म्हणाली, "मला न्हाई ठाव. तो व्हता म्हणून वाचले मी. त्याला काहून हलवता?"

बैठक तिथंच मोडली. मित्र जाताना आईच्या पाया पडला.

मित्राचा राग मला अजून येतो आणि मी तो येऊ देतो. पण आईवरचा राग कुणावर काढायचा? मी ज्याच्यासाठी भांडत होतो तो जीवच मला सोडून समोरच्या बाजूला जाऊन बसला होता. पुढच्या शनिवारी तिला मारुतीला जायचं होतं. देवळाचं दार रस्त्याकडेच. एक हात तिच्या पाठीला लावून आणि दुसरा ट्रकांना दाखवत मी डांबरावर उतरलो. ती एकदाही ट्रकांकडे न बघता देवळाकडे चालत राहिली.