पितळेच्या सापाचा धडा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सहीसुद्धा येत नाही. अंगठा लावतात. तरी ढोकीजवळच्या आमच्या गावात बुधवारचा शास्त्राभ्यास त्याच घेतात. आमची ख्रिस्ती घरं पाच-सहा, पाळक येणार महिन्यातून एकदा. म्हणून बुधवारी दुपारी आमच्या ओसरीवर बायका जमतात, मी बायबलच्या जुन्या करारातला एक धडा मोठ्यानं वाचते आणि आत्याबाई त्यात 'सावली' शोधतात. म्हणजे ख्रिस्त यायच्या कितीतरी आधी घडलेल्या गोष्टीत त्याचीच खूण कुठं पडलीय, ते दाखवतात.

बापानं बळी द्यायला नेलेला मुलगा स्वतःच्याच होमाची लाकडं पाठीवर घेऊन डोंगर चढला, की त्या म्हणणार, "ह्यो बघा क्रूस." महापुरातल्या तारवाचं लाकूड आलं, तरी क्रूस. कुणी घर वाचावं म्हणून खिडकीला तांबडा दोरा बांधला, ते ख्रिस्ताचं रक्त. मी पडले बी.ए. झालेली, त्यात तोंडाची फटकळ. म्हणायची, "आत्याबाई, उद्या तुम्ही चुलीतल्या जळणातबी क्रूस काढाल!" त्या हसायच्या. "निघंल की. तू वाच."

मागच्या थंडीत, ऊसतोड ऐन जोरात असताना, एका बुधवारी त्या उशिरा आल्या. उसाच्या बांधावरनं गवताचा भारा आणला, दारात टाकला आणि खांबाला टेकून बसल्या. पाय लुगड्यात ओढून घेतले. धडा होता पितळेच्या सापाचा. रानात भटकून कंटाळलेले लोक देवाविरुद्ध कुरकुरले, तेव्हा त्यांच्यात साप सुटले, माणसं चावून मरायला लागली. मग देवानं त्यांच्या पुढाऱ्याला सांगितलं, पितळेचा साप कर आणि खांबावर टांग. ज्याला चावलंय त्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं तरी तो जगेल. पुढं येशूनं आपल्या वधस्तंभाला, म्हणजे क्रुसाला, हीच गोष्ट लावली, म्हणून आमच्याकडं हा धडा फार मोठा.

पण मला त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "मूर्ती करू नका म्हणून देवच सांगणार, आणि साप घडवा म्हणूनबी तोच सांगणार? शिवाय साप चावल्यावर औषध पुन्हा सापच? हे कुठलं शहाणपण?" बायका म्हणाल्या, "बाई गं, सोड की आता." मी कसली सोडते! अर्धा तास तेच दळण दळलं. एरवी आत्याबाईंनी मला दोन शब्दांत गप्प केलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "धडा पुरा कर."

मी पुढं वाचायला लागले आणि सहज मान वर केली, तर त्यांच्या पापण्या खाली आलेल्या. वाटलं, डुलकी लागली. तेवढ्यात जड जिभेनं त्या म्हणाल्या, "मला दिसंना गं." मी लुगडं बाजूला केलं. पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि त्यावर दातांच्या दोन खुणा होत्या.

"कधी चावलं?"

"येताना. बांधावर. नाग व्हता."

"आणि मग इथं बसलात कशाला?"

"आज ह्योच धडा हाय... म्हटलं, देवाचीच खूण हाय. पुरा हू दे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, धडा काय पळून चालला होता?" मी सगळ्या ओसरीसमोर त्यांच्यावर ओरडले. खरं तर मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. मी वाद घातला नसता तर धडा केव्हाच संपला असता.

ह्यांनी मोटारसायकल काढली. आत्याबाईंना मध्ये धरून मी मागं बसले. धाराशिवच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, धूळ, आणि आत्याबाईंचं डोकं माझ्या हातावर लोंबायला लागलेलं. मी बोटांनी त्यांच्या पापण्या वर धरल्या. "बघा, आत्याबाई, बघा!" कशाकडं बघा, ते मला सांगता आलं नसतं. मी रस्ताभर मोठमोठ्यानं रडत होते.

सरकारी दवाखान्यात विषावरच्या औषधाच्या बाटल्या चढल्या, श्वासाला नळी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पापण्या थोड्या हलल्या. डॉक्टर म्हणाले, वाचल्या. मी सिस्टरला विचारलं, हे औषध असतं तरी कशाचं?

"सापाच्याच विषापासून करतात," ती सलाईनचा थेंब जुळवत म्हणाली. "थोडं थोडं विष घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारं औषध तयार होतं. ते काढून बाटलीत भरतात."

तिनं हे दही कसं लावतात ते सांगावं तसं सांगितलं. माझ्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. कुठलं कोण ते जनावर, त्याचा काही दोष नाही, त्यानं विष आपल्या अंगात घेतलं, आणि त्याच्या रक्तातनं आलेला जीव दांडीवर टांगलेल्या बाटलीतून थेंबाथेंबानं आमच्या म्हातारीच्या हातात उतरत होता. एवढी वर्षं मी वाचत होते ते हे होतं. मला भीती वाटली. चर्चमध्येसुद्धा मी देवाच्या इतक्या जवळ कधी उभी राहिले नव्हते.

नळी काढल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता उठून बसतील आणि दवाखानाभर सावल्या दाखवतील. त्यांनी बाटलीकडं बघितलं.

"घोडं मरतं का गं?"

"न्हाय, आत्याबाई. सांभाळतात त्याला."

"पर इख तर त्याला सोसावंच लागत असंल."

"व्हय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. "मुकं जनावर. त्याला कुणी इचारलं बी नसंल," त्या म्हणाल्या, "आपल्या प्रभूला तर ठावं व्हतं, तरी जगाच्या पापाचं इख आपणहून घेतलं."

मी खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या सुजलेल्या पायावर डोकं ठेवलं.